ओट्याच्या कापलेल्या कोपऱ्याची बखर

बाळांनो, डोळे मिटा आणि समजा की तुम्ही फ्रिज आहात. ताठ उभे राहा. उजवा हात म्हणजे दार. कोणी "दार" म्हटले की तो बाहेर उघडायचा, "बंद" म्हटले की अंगाशी मिटायचा. हलायचे नाही, हसायचे नाही, आणि काहीही झाले तरी बोलायचे नाही. जमले? मग तसेच राहा आणि ऐका, कारण पुढे सांगायची ती मोहीम एका फ्रिजच्या डोळ्यांदेखत घडली, आणि तो फ्रिज नसता तर ती फत्ते न होती.

आता मजकूर येणेप्रमाणे. पूर्वी मोठमोठ्या दौलती झाल्या, गड बांधिले गेले आणि पडले, त्यांचे वर्तमान लिहिणारे पुष्कळ. परंतु तिसऱ्या मजल्यावरील एका मुदपाकखान्याचा, म्हणजे साध्या भाषेत स्वयंपाकघराचा, जीर्णोद्धार कैसा जाहला, ओटा कोणी पाडिला, कोणी उभारिला, आणि त्याचा कोपरा कोणाच्या हुकुमाने कापिला गेला, हे कोणी लिहून ठेविले नाही. सबब हे लिहिणे प्राप्त जाहले. यात पदरचे काही घातलेले नाही. भांड्यांचे आवाज तेवढे कमी केले आहेत.

मोहिमेचे मूळ कारण चहा.

मातोश्री आजीसाहेब या घराच्या मुख्य. त्यांचा शिरस्ता असा की, उजाडता उजाडता सर्व फौज निद्रिस्त असता आपण उठावे, स्वहस्ते आधण ठेवावे, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून दिवसाचा पहिला चहा एकटीने घ्यावा. तेवढा वेळ त्यांचे राज्य. त्यात कोणाची दखल नसे. मग एके दिवशी न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचे हाड मोडले, इस्पितळात मुक्काम पडला, आणि परत आल्या त्या हाती चार पायांचा वॉकर घेऊन. वॉकर आला आणि राज्य गेले. कारण मुदपाकखान्याची वाट चिंचोळी, एका अंगास ओटा, दुसऱ्या अंगास अवाढव्य फडताळ, त्यात दार आतल्या बाजूस उघडणारे. वॉकर उंबऱ्यावरच अडे. मग आजीसाहेब दाराशी उभ्या राहत आणि आतून चहा येण्याची वाट पाहत.

चहा येत असे. सौभाग्यवती आईसाहेब, म्हणजे आजीसाहेबांच्या सूनबाई, तो मनापासून करीत. आजीसाहेब एक घोट घेऊन "छान झालाय हो" म्हणत, आणि त्यातील 'हो' ऐसा की ऐकणाऱ्याच्या हातातला चहा निवून जावा. श्रीमंत बाबांनी, म्हणजे थोरल्या चिरंजिवांनी केला, तर "गरम आहे" एवढेच म्हणत.

मग एके सकाळी आजीसाहेबांनी चहा मागितलाच नाही. दुसरे दिवशीही नाही. पुसले असता फर्माविले की, आम्हांस आताशा चहाची इच्छा राहिली नाही, येविशी कोणी चर्चा करू नये. घरात चर्चा झाली नाही. परंतु बाबांची कन्या, वय वर्षे सात, एका जागी ठरत नाही म्हणून जिला भिंगरी ऐसा किताब पडलेला, तिने बाबांचा फोन घेऊन पलंगाआड जाऊन आत्याला वर्तमान कळविले.

"आत्या, आजीने चहा सोडला."

मग आत्या म्हणाली, "येते मी. टेप घेऊन येते."

राजश्री आत्यासाहेब या आजीसाहेबांच्या धाकट्या कन्या, पेशाने वास्तुविशारद, म्हणजे आर्किटेक्ट. त्यांनी दवाखाने उभे केले, वाचनालय उभे केले, आणि एक पोहण्याचा तलाव बांधून त्यावर छप्पर घातले, ते अद्याप गळत नाही. ऐशी कीर्ती असूनही लहान काम मोठ्या कामाहून अवघड, हे त्या पक्के जाणत. वाचनालय बांधताना ओले फडके कुठे वाळत घालायचे हे कोणी विचारीत नाही; स्वयंपाकघरात आधी तेच विचारतात. आणि हे तर आईचे स्वयंपाकघर. दवाखान्याच्या मालकास "तुम्हांला यातलं कळत नाही" ऐसे गोड शब्दांत सांगता येते. आईस ते कोणत्या शब्दांत सांगावे, हे कोणत्याही विद्यालयात शिकवीत नाहीत.

आत्यासाहेब आल्या, टेपेने सर्व मुलूख मोजिला, वॉकरही उभा-आडवा मोजिला, आणि मग जेवणाच्या टेबलाशी मसलत बसली. प्रथम बाबांनी अर्ज गुदरला.

"मध्ये एक आयलंड हवं. चारी बाजूंनी फिरता येईल असा ओटा."

"दादा, तुझ्या स्वयंपाकघरात दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे यावं लागतं. बेट कुठे वसवू?"

"व्हिडिओत तर मस्त बसलं होतं."

"व्हिडिओत समुद्र होता."

बाबांचा अर्ज नामंजूर जाहला. मग आईसाहेब बोलत्या झाल्या. "मला बेट नको नि काही नको. मिक्सर ठेवायला एक कोपरा दे फक्त. इतकी वर्षं तो फडताळात वर आणि मी खाली. चटणी करायची म्हटलं की आधी स्टूल."

"देते वहिनी. कोपरा तुझा."

आणि अखेर सर्वांनी आजीसाहेबांकडे पाहिले. त्या टेबलावरचा घडी केलेला रुमाल उलगडून पुन्हा घडी करीत होत्या. त्यांनी आज्ञा केली की, आमच्यासाठी कोणी काही पाडू नये, आम्ही आता किती दिवसांच्या, ज्यांना पुढे नांदायचे त्यांनी आपल्या सोयीने काय ते करावे.

"आई, तुला खरंच चहा नको असतो?" आत्याने विचारले.

आजीसाहेबांनी रुमालाची आणखी एक घडी घातली. रुमाल फार लहान झाला. आत्यासाहेबांनी तेच उत्तर समजून कागद पुढे ओढला.

नकाशा ऐसा झाला की, आत उघडणारे दार काढून सरकते लावावे, फडताळ नामशेष करावे, शेगडी आजीसाहेबांच्या कोपरांना सोसेल इतकी खाली घ्यावी, आणि ओट्यास शेवटी एक आखूड वळण देऊन त्या टोकावर आईसाहेबांचा मिक्सर स्थापावा. वळणासमोर फ्रिज. दोहोंमधून वॉकरची वाट. नकाशा सर्वांस पसंत पडला. पण आत्यासाहेबांचा दंडक असा की, कागदावर काहीही मावते, सबब एकही वीट हलविण्यापूर्वी नवी जागा खऱ्या मापाने खडूने जमिनीवर आखावी आणि घरच्यांनी त्यात लुटुपुटीचा स्वयंपाक करून पाहावा. तलाव आखला होता तेव्हा त्यांनी मैदानावर पाच माणसे पालथी घालून पोहावयास लाविली होती.

बैठकीला लागून गच्ची होती, तेथे रण आखले गेले. आत्यासाहेब स्वतः गुडघ्यांवर बसल्या आणि ओटा, भिंती, दार, सर्व पांढऱ्या रेषांनी उभे केले. शेगडीच्या जागी पालथे घमेले, सिंकच्या जागी बादली, मिक्सरच्या जागी बाबांचा बूट, आणि फ्रिजच्या जागी भिंगरी.

"फ्रिजला शिंक आली तर?" भिंगरीने विचारले.

"फ्रिजला शिंक येत नाही. दार म्हटलं की दार, बंद म्हटलं की बंद. आणि बोलायचं तर मुळीच नाही. स्वयंपाकघरातल्या वस्तू आपापली मतं सांगायला लागल्या तर मला माप कळायचं नाही."

भिंगरी फ्रिज झाली. एका जागी न ठरणारी ती मुलगी ऐशी थिजली की आईसाहेबांनी जवळ जाऊन कपाळाला हात लावून पाहिला.

मग युद्धास तोंड लागले. आईसाहेबांनी हवेतली भाजी हवेतल्या सुरीने चिरली, आणि बुटात चटणी वाटली, आणि बाबा पाणी प्यायला म्हणून मध्ये घुसले ते बरोबर सर्वांच्या वाटेत उभे राहिले, जैसे रोज राहतात, आणि आत्यासाहेबांनी ते नोंदविले. अखेर खाशी स्वारी निघाली. आजीसाहेब वॉकर टेकीत टेकीत खडूच्या दारातून आत आल्या, दार पुरले. "दार" म्हणाल्या, फ्रिज उघडला, हवेतले दूध निघाले, फ्रिज मिटला. मग त्या शेगडीकडे वळल्या, हवेचे आधण ठेविले, हवेची साखर घातली.

"आजी, साखर दोनदा घातलीस," बाबांची मुलगी आज फ्रिज होती, म्हणून हे बाबांनीच मुलीच्या आवाजात म्हटले.

"गप्प बस. माझा चहा आहे," आजीसाहेब म्हणाल्या, आणि हसल्या.

पडल्यापासून त्या ऐशा हसल्या नव्हत्या. सर्वांचे डोळे त्यांच्या मुद्रेवर खिळले. त्यांनी हवेचा कप घेऊन, वॉकर टेकीत, ओट्याच्या टोकाला वळसा घालून, तो बाबांच्या हाती दिला. बाबांनी घोट घेतला.

"छान झालाय हो," बाबा म्हणाले, आणि तो 'हो' इतका हुबेहूब आजीसाहेबांचा होता की आईसाहेबांना खाली बादलीवर बसावे लागले, म्हणजे सिंकमध्ये.

त्या हास्यकल्लोळात एकटा फ्रिज हसला नाही. फ्रिजने पाहिले होते. आजीसाहेब वळल्या तेव्हा वॉकरचा मागचा पाय ओट्याच्या टोकावरून गेला. जाताना एकदा, येताना पुन्हा एकदा. खडूला काय, तो अडवीत नाही. नुसता पुसला जातो. भिंगरीने तोंड उघडले.

"आत्या, आजी ना..."

"फ्रिज!" आत्या म्हणाली.

फ्रिजने तोंड मिटले.

मोहीम मंजूर जाहली आणि सर्व मंडळी खरा चहा घ्यावयास आत गेली. भिंगरीची नेमणूक उतरविण्याचे कोणाच्या ध्यानी आले नाही, म्हणून ती आणखी थोडा वेळ फ्रिज राहिली. मग आपणच उतरली. ओट्याचे टोक पुसून गेले होते. रेषेची दोन तोंडे राहिली होती आणि मध्ये नुसती फरफट. तिला अर्धवट चित्र आवडत नसे. तिने खडू उचलला आणि दोन्ही तोंडे एका तिरप्या रेषेने जोडून दिली, ऐशी की वॉकरची फरफट ओट्याच्या बाहेर राहावी. मग हात फ्रॉकला पुसले आणि खडू खिशात टाकला.

दुसरे दिवशी मिस्त्री दाखल झाले. हे गवंडीकामातले नामांकित सरदार. त्यांस काहीही पुसले तरी उत्तर एकच.

"भिंतीतून पाइप कुठून जातो ते पाहिलंत ना?" आत्याने विचारले.

"होऊन जाईल, ताई."

आणि झाले. पहिल्याच घावास भिंतीतून पाण्याची धार निघाली ती समोरच्या भिंतीस लागली, आणि बाबा पाणी प्यायला आले होते, ते न पिताच भिजले. त्याउपरी धूळ, विटांचे ढीग, बैठकीत गॅसची छावणी, दिवाणावर डबे, आणि प्रत्येकाच्या उशीत वाळू. रसद बाहेरून मागवावी लागे. आईसाहेब ज्या वस्तूस हात घालीत ती दुसऱ्या खोक्यात निघे. आजीसाहेब आपल्या खोलीतून हे सारे ऐकत आणि म्हणत, "मी सांगितलं होतं, माझ्यासाठी काही पाडू नका." पण रोज संध्याकाळी वॉकर टेकीत येऊन ओटा कुठवर आला ते पाहून जात.

ओट्यावर घालायच्या दगडाविशी आत्यासाहेबांनी मिस्त्रींना हुकूम दिला होता की, गच्चीवरच्या रेषा आपल्या हातच्या आहेत, त्यांत सुताचा फरक नाही. पुठ्ठ्याचा फर्मा त्यांवरूनच कापावा आणि दगड फर्म्याबरहुकूम आणावा. मिस्त्री म्हणाले, होऊन जाईल. हुकूम तामील जाहला. दगड आला, काळाभोर, आरशासारखा, चौघांनी वर चढविला आणि कच्च्या ओट्यावर नुसताच टेकविला. आणि त्याचे टोक तिरपे कापलेले होते.

पाहताच आत्यासाहेबांचा चेहरा उतरला. नंतर चढला.

"हा कोपरा कुणी कापला?"

"फर्म्यात तसाच आहे, ताई."

"मी काटकोन आखला होता! मिस्त्री, मी आयुष्यात कधी..."

"गच्चीवर चला. होऊन जाईल."

फौज गच्चीवर गेली. रेष तिरपी होती. आईसाहेब म्हणाल्या, "म्हणजे माझा मिक्सर?" बाबा म्हणाले, "आता जोडता नाही का येत?" मिस्त्री जन्मात पहिल्यांदा म्हणाले, "हे नाही व्हायचं. दगड आहे." आत्यासाहेबांनी फर्माविले की दगड परत जाईल, नवा येईल, आणि तोवर काम बंद. हे ऐकून मागे उभ्या आजीसाहेब वॉकर वळवून आपल्या खोलीकडे चालू लागल्या.

तेव्हा भिंगरी आत्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. हात अंगाला चिकटवून.

"मी कापला."

"तू?"

"आजी ओट्यातून गेली होती. वळताना. वॉकरचा पाय गेला ओट्यावरून. दोनदा."

"मग त्याच वेळी सांगायचं नाहीस का गं!"

"फ्रिजने बोलायचं नाही असं तूच सांगितलंस ना? मग मी खडूने सांगितलं."

मिस्त्रींनी पागोटे नसलेल्या डोक्यावरून हात फिरविला. आत्यासाहेबांनी भिंगरीकडे पाहिले, रेषेकडे पाहिले, आणि मग लगबगीने आत जाऊन पुठ्ठ्याचा एक तुकडा कापून दगडाच्या टोकास चिकटपट्टीने ऐसा लाविला की मूळ काटकोन पुरा व्हावा. फ्रिजच्या जागी उभे राहण्यास भिंगरीस फिरून पाचारण जाहले. आणि आजीसाहेबांना बोलावणे गेले.

आजीसाहेब आल्या, दारातून आत शिरल्या, शेगडीकडे वळल्या. खट्. वॉकरचा मागचा पाय पुठ्ठ्यात अडकला. सोडविला, पुन्हा वळल्या. खट्. आत्यासाहेबांनी हाताने पुठ्ठा ओढून काढला. आजीसाहेब तिसऱ्यांदा वळल्या, आणि वॉकर त्या कापलेल्या टोकाजवळून, एक बोट जागा राखून, अलगद पार झाला.

"अगं बाई," आजीसाहेब म्हणाल्या. "मग गच्चीवर मी कशी गेले?"

"ओट्यातून," भिंगरी म्हणाली.

आत्यासाहेब खाली कच्च्या ओट्याच्या कडेस टेकल्या. सरळ चालणाऱ्या वॉकरची रुंदी आपण मोजली, पण वळताना तो कोनाकोनी होतो आणि जास्त जागा मागतो हे मोजले नाही, आणि खडूची भिंत कोणास अडवीत नाही हेही विसरलो, ऐसे त्यांनी सर्वांसमक्ष कबूल केले. मग आईसाहेबांपुढे गेल्या.

"वहिनी, कोपरा..."

"राहू दे गं. मिक्सर खिडकीकडे सरकव. स्टूल नाही लागलं म्हणजे झालं."

आणि त्याच जागी फर्मान सुटले की, यापुढे कोणत्याही इमारतीच्या तालमीत फ्रिज, शेगडी, बादली, बूट वगैरे सर्वांस बोलण्याची पूर्ण मुभा राहील.

दगड पक्का बसला. सरकते दार लागले, नळ आले, पाणी जेथून यावे तेथूनच येऊ लागले. खरा फ्रिज आपल्या जागी रुजू झाला. मिस्त्री निरोप घेताना सर्वांस म्हणाले, "तिरपा कोपरा आपली आयडिया होती," आणि कोणी हरकत घेतली नाही.

मग ती सकाळ उजाडली. सर्व फौज जागी होती आणि सर्वांनी डोळे मिटून घेतले होते. आत्यासाहेब मुद्दाम मुक्कामास राहिल्या होत्या. आजीसाहेबांच्या खोलीतून वॉकरचा आवाज निघाला, बैठकीतून गेला, सरकते दार सरकले. कोपऱ्याशी क्षणभर आवाज थांबला. बाबांनी श्वास धरला. खट् ऐकू आले नाही. मग लायटरची चटचट, मग भांडे, मग आधणाचा आवाज, आणि मग घरभर तो वास, जो फक्त त्यांच्या चहाला येई. येणेप्रमाणे गेलेले राज्य परत आले आणि मुदपाकखान्याची मोहीम फत्ते जाहली, ऐशी नोंद येथे व्हावयाची.

परंतु आवाज बंद पडला.

बाबा उठून दाराआडून पाहू लागले, त्यांच्या मागे आईसाहेब, त्यांच्या मागे आत्यासाहेब. चहा कपात ओतलेला होता. खिडकी चार पावलांवर होती. आणि आजीसाहेबांचे दोन्ही हात वॉकरवर होते. कप उचलावा तर वॉकर सुटतो, वॉकर धरावा तर कप राहतो. तालमीतला कप हवेचा होता. तो धरायला हात लागला नव्हता. उभ्याने चहा आजीसाहेबांनी कधी घेतला नव्हता, आणि पूर्वीची खिडकीशी असलेली खुर्ची तर फडताळाबरोबर खाली गेली होती. आत्यासाहेबांनी कपाळाला हात लाविला. बाबा धावणार, तो आईसाहेबांनी मागून सदरा धरला.

"थांबा हो. आपण नेऊन दिला तर परत तेच."

मग त्यांच्या पायांमधून वाट काढून भिंगरी आत गेली. खिशातून खडू काढला, शेगडीजवळ, ओट्याच्या सखल भागासमोर, नव्या कोऱ्या फरशीवर एक चौकोन आखला, आणि त्यात गुडघे मुडपून बसली.

"मी खुर्ची आहे," ती म्हणाली. "आणि आता मला बोलता येतं. आजी, खुर्ची इथे पाहिजे. इथे बसलीस की कप हाताशी येतो."

"आणि खिडकी गं?"

भिंगरीने बसल्या जागी मान वळवून पाहिले. "दिसते. अर्धी."

"अर्धी पुरे," आजीसाहेब म्हणाल्या.

खुर्ची उठली, बैठकीत धावली, आणि बाबांची पेपर वाचायची खुर्ची चारी पायांचा करकर आवाज करीत घरभर ओढीत घेऊन आली. आजीसाहेबांनी वॉकर बाजूस लाविला, खुर्चीचा हात धरला, आणि सावकाश बसल्या. कप उचलला. एक घोट घेतला. दाराकडे पाहिले, तिथे तिघेजण होते.

"छान झालाय," त्या म्हणाल्या. 'हो' नव्हता.

आजीसाहेब बसताना खुर्ची थोडी मागे सरकली होती, आणि तिचा एक पाय खडूच्या रेषेबाहेर गेला होता. भिंगरीने वाकून पाहिले. तिने आजीला उठविले नाही की खुर्ची ढकलली नाही. तळहाताने ती रेष पुसली, आणि पायाच्या बाहेरून नवी ओढली.